फुप्फुसात गेलेल्या कणाचे पुढे काय होते?

प्राणवह स्रोतसाच्या व्याधींनी त्रस्त झालेला रुग्ण आज वैद्याकडे येतो, तो बहुधा खिशात इन्हेलर घेऊनच. अनेक घरांत नेब्युलायझरही आलेला आहे. साहजिकच चिकित्सालयात एक प्रश्न वरचेवर विचारला जातो, "डॉक्टर, अडुळशाचा काढा या यंत्रात घालून घेतला तर चालेल का?" औषधविक्रीच्या दुकानातही याच जातीचा प्रश्न येतो, तेथे काढ्याऐवजी एखादे तेल, अर्क किंवा भस्म असते, इतकाच फरक. या प्रश्नाला 'नाही' एवढेच उत्तर देऊन भागत नाही. जे औषध पोटात घेतल्यास गुणकारी, ते श्वासावाटे घेतल्यास अधिक लवकर गुणकारी का होऊ नये, ही रुग्णाची शंका स्वाभाविक आहे आणि तिचे सकारण निरसन करणे हे आपले कर्तव्य ठरते.

ते कारण समजून घेण्यास गेल्या तीन दशकांतील एक संशोधन फार उपयोगी पडते. श्वासावाटे फुप्फुसात जाणारे, तेथे औषध सोडणारे आणि मग स्वतः विघटित होऊन नाहीसे होणारे कण, म्हणजेच जैवविघटनशील कण, हा त्या संशोधनाचा विषय होय. हे कण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांना दोन प्रश्न सोडवावे लागले. पहिला, कण फुप्फुसापर्यंत पोहोचणार कसा? दुसरा, औषध सोडल्यानंतर त्याचे वाहन जाणार कोठे? श्वासावाटे द्यावयाच्या कोणत्याही द्रव्याला, मग ते कोणत्याही शास्त्राचे असो, हेच दोन प्रश्न विचारले पाहिजेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

द्वार अरुंद, पहारा कडक

मुख्य श्वासनलिका दुभंगत दुभंगत सुमारे २३ वेळा विभागते आणि अखेर वायुकोशांत संपते, असा नकाशा एवाल्ड वायबेल यांनी १९६३ साली मांडला. या कोट्यवधी वायुकोशांचे एकूण क्षेत्रफळ ७० ते १०० चौरस मीटर भरते आणि त्यांची भिंत एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. एवढा विस्तीर्ण आणि एवढा पातळ पडदा शरीरात अन्यत्र नाही. म्हणूनच या मार्गाने दिलेले औषध जठराग्नी व यकृत यांना वगळून त्वरित रक्तात उतरू शकते, किंवा फुप्फुसातील व्याधीवर अल्प मात्रेत थेट कार्य करू शकते.

मात्र तेथवर जाण्याची वाट सोपी नाही. हवेबरोबर आत शिरलेला पाच-सहा मायक्रॉनहून मोठा कण वळणावर वळू शकत नाही. तो घशाच्या मागील भिंतीवर आदळतो आणि गिळला जातो. साधारणतः एक ते पाच मायक्रॉनचे कण खालच्या श्वासनलिका व वायुकोशांपर्यंत जातात. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे बरेचसे कण कोठेही न टेकता उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात. आपल्या औषधनिर्मितीतील मापांशी याची तुलना करून पाहावी. ८० क्रमांकाच्या चाळणीतून पडणाऱ्या चूर्णात सुमारे १८० मायक्रॉनपर्यंतचे कण असू शकतात. कपडछान केलेले चूर्ण त्याहून बारीक असले, तरी कापडाचे छिद्र पाच मायक्रॉनचे नसते. म्हणजे चूर्ण नाकातोंडाने ओढले, तर त्यातील बहुतांश भाग घशातच राहील, ठसका येईल, आणि जो अत्यल्प सूक्ष्म भाग खाली जाईल, त्याची मात्रा कोणालाच सांगता येणार नाही.

वाट ओलांडल्यावरही पहारा संपत नाही. श्वासनलिकांच्या अंतःस्तरावरील सूक्ष्म लोम सतत हालत असतात व त्यांवर पसरलेला श्लेष्मा अडकलेल्या कणांसह घशाकडे ढकलला जातो. वायुकोशांत लोम नाहीत. तेथे भक्षक पेशी पहारा देतात. एक ते तीन मायक्रॉनचा कण त्या विशेष तत्परतेने गिळतात. म्हणजे जे आकारमान खोलवर पोहोचण्यास सोयीचे, तेच गिळले जाण्यासही सोयीचे. औषध फुप्फुसात दीर्घकाळ राहावे असे वाटणाऱ्या संशोधकांपुढे हीच मोठी अडचण होती.

दाणा आणि लाही

या अडचणीवर १९९७ साली डेव्हिड एडवर्ड्‌स, रॉबर्ट लँगर व त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी एक तोडगा सुचविला. 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध या क्षेत्रात पायाभूत मानला जातो.

त्यातील तत्त्व खळ्यावर उपणणी पाहिलेल्या कोणालाही चटकन समजेल. वारा दाणा आणि भूस वेगळे करतो, तो त्यांच्या लांबी-रुंदीकडे पाहून नव्हे, तर त्यांच्या जडत्वाकडे पाहून. ज्वारीचा दाणा आणि त्याच दाण्याची लाही घ्या. लाही आकाराने कितीतरी मोठी, परंतु फुंकर मारली तर उडते ती लाही. दाणा जागचा हलत नाही. फुप्फुसात शिरणाऱ्या कणाचेही तसेच आहे. त्याच्या गतीसाठी महत्त्वाचा असतो तो वायुगतिक व्यास, आणि तो कणाच्या प्रत्यक्ष व्यासाला त्याच्या घनतेच्या वर्गमुळाने गुणून येतो. दहा मायक्रॉनचा भरीव कण घशातच आदळेल. परंतु त्याच आकाराचा कण सच्छिद्र करून त्याची घनता पाण्याच्या एकदशांश केली, तर हवेत तो सुमारे तीन मायक्रॉनच्या कणासारखा वागतो आणि खोलवर जातो. तेथे गेल्यावर मात्र तो खरोखरच दहा मायक्रॉनचा असतो, त्यामुळे भक्षक पेशीला तो सहजी गिळता येत नाही.

एडवर्ड्‌स व लँगर यांनी घनता ०.४ हून कमी व व्यास पाच मायक्रॉनहून अधिक असलेले असे कण तयार केले. त्यांत इन्सुलिन भरून ते उंदरांना श्वासावाटे दिले असता त्याचा परिणाम ९६ तासांपर्यंत टिकला. लहान, भरीव कणांतून दिलेल्या इन्सुलिनचा परिणाम चार तासांत ओसरला. औषध तेच, मार्ग तोच. बदलली ती केवळ कणाची घडण.

'वारितर' भस्माची परीक्षा ज्यांच्या नित्य परिचयाची आहे, त्या वाचकांना हलकेपणाचे हे महत्त्व वाचून आपल्या रसशास्त्राची आठवण होणे साहजिक आहे. परंतु ही आठवण येथेच थांबवावी. पाण्यावर तरंगणे ही पोटात घ्यावयाच्या भस्माच्या सिद्धतेची कसोटी आहे. ते भस्म श्वासावाटे घेण्यास योग्य आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही. त्याचे कारण दुसऱ्या प्रश्नात दडलेले आहे.

वाहन जाते कोठे?

एडवर्ड्‌स व लँगर यांचे कण लॅक्टिक आम्ल व ग्लायकोलिक आम्ल यांच्या साखळ्यांपासून बनविलेल्या पॉलिमरचे होते. संशोधनात या गटातील पॉलिमरला पीएलजीए या संक्षिप्त नावाने ओळखतात. लॅक्टिक आम्ल दह्यात असते, ग्लायकोलिक आम्ल उसाच्या रसात आढळते. शरीरातील पाण्याने या साखळ्यांचे दुवे हळूहळू तुटतात, सुटे झालेले आम्लांश धातुपोषणाच्या नित्य चक्रात शिरतात आणि अखेरीस कर्बवायू व पाणी या रूपाने बाहेर पडतात. विरघळणारे शस्त्रक्रियेचे टाके याच कुळातील पदार्थांचे असतात. ते १९७० च्या दशकापासून वापरात आहेत. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील ल्युप्रोलाइड हे औषध अशाच कणांतून स्नायूत टोचण्याची पद्धत अमेरिकेत १९८९ पासून रूढ आहे. महिन्यातून एकदा टोचले की औषध महिनाभर झिरपत राहते.

मग हाच पदार्थ फुप्फुसासाठीही निर्धास्तपणे वापरावा, असे वाटेल. येथे एक साधा हिशेब करावा लागतो. दोन्ही आम्ले समप्रमाणात असलेला पीएलजीए नाहीसा होण्यास साधारणतः एक ते दोन महिने लागतात. लॅक्टिक आम्लाचे प्रमाण वाढविल्यास त्याहूनही अधिक. वाहन जाण्यास ३० दिवस लागतात असे धरू. औषध दररोज द्यावयाचे असेल, तर पहिल्या मात्रेचे वाहन संपेपर्यंत आणखी २९ मात्रांचे वाहन फुप्फुसात येऊन पडलेले असेल. स्नायूत महिन्यातून एकदा टोचताना जो प्रश्न उद्भवत नाही, तो येथे दररोज साचत जातो. शिवाय विघटनातून सुटणारी आम्ले कणाच्या आतल्या भागात प्रथम साठतात. तेथील औषध त्यांनी बिघडू शकते आणि भोवतालच्या नाजूक पडद्याला क्षोभ होऊ शकतो.

म्हणून 'जैवविघटनशील' या शब्दाने हुरळून जाऊ नये. पदार्थ विघटित होतो, एवढे सांगणे पुरेसे नाही. किती दिवसांत होतो, कशात होतो आणि दोन मात्रांमधील अंतर त्याहून अधिक आहे की कमी, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही. मात्रा आणि काल यांचा एकत्र विचार करण्याची सवय असलेल्या वैद्याला हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

क्षयावरील भारतीय संशोधन

हा हिशेब अनुकूल ठरेल असा एक व्याधी आहे, तो म्हणजे फुप्फुसाचा क्षय. क्षयाचे जंतू वायुकोशांतील भक्षक पेशींच्या पोटातच ठाण मांडून बसतात. त्यामुळे जी पेशी इन्सुलिनच्या कणासाठी अडथळा ठरते, तीच येथे औषधाचे इच्छित स्थान बनते. भक्षक पेशीने कण गिळावा, हाच येथे हेतू असतो.

या विषयावर आपल्या देशात महत्त्वाचे काम झाले आहे. लखनौ येथील केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत अमित मिश्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयसोनियाझिड व रिफाब्युटिन ही दोन औषधे एकत्र भरलेले, श्वासावाटे घ्यावयाचे कण तयार करून ते भक्षक पेशींपर्यंत पोहोचतात, हे २००१ साली दाखविले. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत राजेश पांडे, जी. के. खुल्लर व सहकाऱ्यांनी पीएलजीएच्या अतिसूक्ष्म कणांत क्षयाची तीन औषधे भरून ती नेब्युलायझरने गिनीपिगांना दिली. एकाच मात्रेनंतर फुप्फुसात औषध ११ दिवसांपर्यंत आढळले. जंतुबाधित प्राण्यांना दर दहाव्या दिवशी एक याप्रमाणे पाच मात्रा दिल्यावर फुप्फुसात जंतू आढळेनासे झाले. तोच परिणाम तोंडावाटे मिळविण्यासाठी दररोज एक याप्रमाणे ४६ मात्रा द्याव्या लागल्या. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले.

दर दहा दिवसांनी एक मात्रा दिली, तर वाहन साचण्याचा प्रश्नही बराच सौम्य होतो, हे सुज्ञ वाचकांच्या लक्षात आले असेल. तथापि हे यश प्राण्यांवरील आहे. क्षयाच्या मानवी चिकित्सेत असे कण अद्याप नित्य वापरात आलेले नाहीत. या संशोधनाचा हवाला देऊन कोणी रुग्णास शासकीय क्षयरोग कार्यक्रमातील गोळ्या सोडावयास सांगत असेल, तर त्याला तत्काळ अडविणे आवश्यक आहे.

बाजारपेठेपर्यंत काय पोहोचले?

प्रयोगशाळेत गाजलेला पदार्थ आणि औषध म्हणून मान्यता मिळालेला पदार्थ, यांत बरेच अंतर असते. गेल्या काही वर्षांत मान्यता मिळालेली तीन औषधे पाहिली असता त्यांतील एकाचेही वाहन पीएलजीए नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

पहिले अफ्रेझा हे श्वासावाटे घ्यावयाचे इन्सुलिन. याच्या आधी आलेले एक्झुबेरा हे श्वसनीय इन्सुलिन अमेरिकेत जानेवारी २००६ मध्ये मान्य झाले आणि खप न झाल्यामुळे ऑक्टोबर २००७ मध्ये उत्पादकाने ते मागे घेण्याचे जाहीर केले. अफ्रेझाला तेथे २०१४ साली मान्यता मिळाली. त्याचे सुमारे दोन-अडीच मायक्रॉनचे कण अशा वाहकद्रव्याचे बनलेले आहेत, की जे आम्ल द्रवात घनरूप राहते आणि फुप्फुसातील उदासीन द्रवात लगेच विरघळते. ते शरीरात पचत नाही. आहे त्याच रूपात मूत्रावाटे निघून जाते. म्हणजे येथे विघटनाची वाट पाहावीच लागत नाही. भारतात हे औषध वितरित करण्यास सिप्ला या कंपनीला डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली, त्यामुळे आपल्या मधुमेही रुग्णांपैकी काहींच्या हाती ते दिसू शकेल. दमा किंवा दीर्घकालीन श्वासरोग असलेल्या रुग्णास ते वर्ज्य आहे, कारण त्याने श्वासनलिका आकस्मिकपणे आकुंचित होऊ शकतात. तमक श्वास व प्रमेह एकत्र असलेल्या रुग्णाची माहिती घेताना ही बाब आवर्जून विचारावी.

दुसरे औषध इनब्रिजा. कंपवाताच्या रुग्णांसाठी लेव्होडोपाचे हे श्वसनीय चूर्ण अमेरिकेत डिसेंबर २०१८ मध्ये मान्य झाले. एडवर्ड्‌स यांच्या सच्छिद्र कणाच्या कल्पनेतून निघालेली ही परंपरा. लेव्होडोपाचे मूळ कपिकच्छूच्या बीजात सापडते, हे वाचकांना ठाऊक आहेच. या कणात पॉलिमर नाही. लेव्होडोपा, किंचित मीठ आणि फुप्फुसाच्या अंतःस्तरावर मुळातच असणारा एक फॉस्फोलिपिड, एवढेच त्याचे घटक.

तिसरे अरिकेस. क्षयाशी नाते सांगणाऱ्या परंतु क्षयाहून वेगळ्या अशा हट्टी जंतुसंसर्गासाठी अमिकासिन हे प्रतिजैविक स्निग्ध पुटिकांत भरून नेब्युलायझरने देतात. यास सप्टेंबर २०१८ मध्ये मान्यता मिळाली. या पुटिकाही त्याच फुप्फुसस्थ फॉस्फोलिपिडच्या व कोलेस्टेरॉलच्या बनलेल्या आहेत. इतके सात्म्य वाहन निवडूनही या औषधाच्या वेष्टनावर फुप्फुसदाह, रक्तष्ठीवन व श्वासनलिका-आकुंचन यांचा ठळक इशारा छापावा लागतो.

तिन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट दिसते. ज्यांनी बाजारपेठ गाठली, त्यांनी एक तर चटकन विरघळून जाणारे वाहन निवडले, नाही तर फुप्फुसाचे स्वतःचे द्रव्यच वाहन म्हणून घेतले.

धूमपानविधीकडे पुन्हा एकदा

श्वासमार्गाने औषध देण्याची कल्पना आपल्या शास्त्रास नवी नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक अशा तीन धूमांचे सविस्तर वर्णन केले आहे. या वर्णनात औषधीद्रव्यांइतकेच लक्ष उपकरणाकडे दिलेले आहे. धूमनेत्राची लांबी वैरेचनिकासाठी २४, स्नैहिकासाठी ३२ व प्रायोगिकासाठी ३६ अंगुळे सांगितली आहे. लांबून येणारा, नेत्राच्या पेरांत तुटत जाणारा व नळीत पातळ झालेला धूम योग्य मात्रेत व योग्य काळी घेतल्यास इंद्रियांना बाधत नाही, असा त्यामागील आशय आहे. आज इन्हेलरच्या तोंडाशी स्पेसर नावाची पोकळ नळी लावतात. तिच्या भिंतीवर मोठे थेंब बसून राहतात आणि सूक्ष्म तेवढे पुढे जातात. दोन्ही ठिकाणी उपकरणाकडून अपेक्षा एकच आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आचार्यांनी घातलेल्या मर्यादा. धूमपानाचे काळ सांगितले, धूमास अयोग्य व्यक्तींची दीर्घ यादी दिली, अकाली वा अतिमात्र धूमाने होणारे उपद्रव आणि त्यांवरील उपचार सांगितले. अष्टांगहृदयात नस्य सात वर्षांखाली व ८० वर्षांपुढे, तर धूम १८ वर्षांखाली देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. हा मार्ग सौम्य आहे, असे आपल्या शास्त्राने कोठेही मानलेले नाही. तसेच, धूमपानाचे मुख्य कार्यक्षेत्र ऊर्ध्वजत्रुगत व्याधी हे आहे. त्याचा आधार घेऊन वायुकोशांपर्यंत कोणतेही द्रव्य पोहोचविण्याचे समर्थन करता येणार नाही.

हिक्का-श्वासाच्या चिकित्सेत चरकाने सांगितलेल्या एका धूमवर्तीत हळद, एरंडमूळ, लाख, देवदार, जटामांसी यांबरोबर मनःशिला व हरताळही आहेत. ही दोन्ही सोमलाची गंधकयुक्त खनिजे होत. हवेत जाळली असता त्यांतून पांढरा सोमल धुरावाटे सुटतो. सोमलाचा श्वासावाटे होणारा संपर्क फुप्फुसाच्या कर्करोगास कारण ठरतो, हे आज सिद्ध आहे. ग्रंथाविषयी पूर्ण आदर बाळगूनही या द्रव्यांची वर्ती आज वापरणे समर्थनीय ठरत नाही.

परंपरेतून ग्राह्यांश कसा पुढे न्यावा, याचे उत्तम उदाहरण धोत्र्याचे आहे. दम्यावर धोत्र्याचा धूर ओढण्याची भारतीय पद्धत मद्रासमधून १८०२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये गेली आणि पुढे शतकाहून अधिक काळ तिच्या विड्या युरोपात विकल्या गेल्या. धूर श्वासनलिका सैल करी, पण मात्रेचा भरवसा नसे. अधिक झाली तर भ्रम व प्रलाप होत. धोत्र्यातील ॲट्रोपिनवर रासायनिक संस्कार करून इप्राट्रोपियम तयार करण्यात आले. ते रक्तात फारसे शोषले जात नाही व मेंदूपर्यंत पोहोचत नाही. आज नेब्युलायझरमधून दम्याच्या रुग्णास मिळते ते हेच. धोत्र्याचा गुण टिकला, कारण धूर हे वाहन सोडून दिले गेले.

पोटास पथ्यकर, फुप्फुसास अपायकारक

जाठराग्नी जे पचवितो, ते फुप्फुस पचवू शकत नाही. याचा दारुण दाखला २०१९ साली अमेरिकेत मिळाला. विजेवर चालणाऱ्या सिगारेटच्या द्रवात, मुख्यतः गांजाचा अर्क असलेल्या द्रवात, दाटपणासाठी जीवनसत्त्व ई चे ॲसिटेट मिसळले जात होते. हाच पदार्थ गोळीतून पोटात घेतला जातो व त्वचेलाही लावला जातो. फुप्फुसात मात्र त्याने तीव्र विकार उत्पन्न झाला. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी ६८ जण दगावले.

स्नेहद्रव्यांच्या बाबतीत ही सावधगिरी जुनीच आहे. नाकात तेलकट थेंब घातलेल्या व रेचक म्हणून खनिज तेल दिलेल्या बालकांच्या फुप्फुसांत तेल साचून झालेला न्यूमोनिया १९२५ सालीच वैद्यकीय वाङ्मयात नोंदला गेला. खनिज तेल क्षोभ कमी करते, पण वर्षानुवर्षे तेथेच राहते. प्राणिज स्नेहाचे फुप्फुसात विघटन होते खरे, परंतु त्यातून सुटणारी स्निग्धाम्ले तीव्र दाह करतात. म्हणजे विघटन होणे हेही प्रत्येक वेळी हितकरच असते असे नाही. फुप्फुसात स्वतःचा स्निग्ध थर असतो, म्हणून तिळाचे तेल वा घृत तेथे सात्म्य होईल, असा तर्क करू नये. दोहोंची घडण सर्वस्वी भिन्न आहे.

खनिज भस्मांविषयी तर शंकाच नको. अभ्रकासारख्या द्रव्याचे न विरघळणारे सूक्ष्म कण वायुकोशांत गेल्यास त्यांना बाहेर पडण्यास महिने, प्रसंगी वर्षे लागतात. खाणीत व दगडफोडीत काम करणाऱ्यांना होणारा धूलिजन्य फुप्फुसविकार याच मार्गाने उद्भवतो. औषधनिर्मात्यांसाठी यात एक धडा आहे. रुग्णास आपण भस्म हुंगावयास देत नाही, परंतु खलात मर्दन करणारा, यंत्रात दळणारा, चाळणारा व पुड्या भरणारा कामगार ते दररोज हुंगत असतो. तोंडाला बांधलेला रुमाल पाच मायक्रॉनचा कण अडवीत नाही.

व्यवहारात काय करावे?

वरील विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात.

१. काढा, अर्क, आसव, तेल, घृत, मध वा भस्म नेब्युलायझरमध्ये घालू नये व घालण्याचा सल्ला देऊ नये. घरी केलेला काढा निर्जंतुक नसतो, आणि यंत्र त्यातील जंतूही वायुकोशांपर्यंत पोहोचविते. श्वासावाटे द्यावयाची जलयुक्त औषधे निर्जंतुकच असली पाहिजेत, असे बंधन अमेरिकेत २००२ पासून लागू आहे; त्यामागील कारण हेच.

२. गरम पाण्याचा वाफारा आणि नेब्युलायझर यांत भेद करावा. वाफाऱ्यात ओवा वा निलगिरीचा उडणारा अंश तेवढाच हवेत येतो व तोही प्रायः नाक-घशापुरता. नेब्युलायझर भांड्यातील सर्व द्रवाचे बारीक थेंब करून खोल पाठवितो. अर्थात वाफाऱ्यातही भाजण्याचा धोका असल्याने लहान मुलांना तो एकटे असताना देऊ नये.

३. अतिवृद्ध, पक्षाघाताने गिळण्याची क्रिया मंदावलेले व लहान मुले यांना स्नेहनस्य देताना विशेष दक्षता घ्यावी. घशात उतरलेला स्नेह थुंकावयास लावावा. ते शक्य नसल्यास स्नेहनस्य टाळावे.

४. 'आयुर्वेदिक इन्हेलर' वा 'हर्बल नेब्युलायझर द्रव' विक्रीस घेऊन कोणी प्रतिनिधी आला, तर औषधालयचालकांनी त्यास चार प्रश्न विचारावेत. कणांचा वायुगतिक व्यास किती व तो कोणत्या चाचणीने मोजला? द्रव निर्जंतुक आहे काय? औषधाव्यतिरिक्त त्यात कोणकोणते पदार्थ आहेत? ते फुप्फुसातून किती काळात व कोणत्या मार्गाने बाहेर पडतात? 'सर्व घटक नैसर्गिक आहेत' हे यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हे.

५. औषधनिर्मितीच्या जागी दळण, चाळण व मर्दन यांसाठी धूळ शोषून घेणारी व्यवस्था करावी, कोरडे झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, कामगारांस सूक्ष्म कण अडविणारे मुखपट द्यावेत आणि त्यांच्या श्वसनक्षमतेची नियमित तपासणी करून घ्यावी.

६. रुग्णाचे चालू इन्हेलर आपल्या औषधासाठी अकस्मात बंद करू नये. किंबहुना तो ते योग्य रीतीने ओढतो की नाही, हे पाहावे. रोटाकॅपसारख्या कोरड्या चूर्णात औषधाचे सूक्ष्म कण लॅक्टोजच्या मोठ्या कणांवर बसविलेले असतात. रुग्णाने जोराने श्वास ओढला तरच ते सुटून खाली जातात. नाही तर सर्व चूर्ण घशातच राहते. अशा वेळी औषध निष्फळ ठरते ते द्रव्याच्या दोषाने नव्हे.

वनस्पतिजन्य द्रव्यांना या मार्गाचे दरवाजे कायमचे बंद आहेत, असा याचा अर्थ नाही. वासा, हरिद्रा, यष्टिमधु यांतील कार्यकारी अंश शुद्ध करून, योग्य कणांत बांधून, त्यांच्या वाहनाची गती व निर्गमन मोजून दाखविता आले, तर श्वासरोगात ते मोलाचे ठरतील. हे काम आयुर्वेद महाविद्यालये व औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये यांनी एकत्र येऊन करावयाचे आहे. ते स्वयंपाकघरातील काढा आणि बाजारातून आणलेले यंत्र यांच्या संयोगाने होणारे नाही. तोवर आपला काढा पोटातून देणेच इष्ट. जठराग्नीने त्याचा पाक कसा होतो, त्याची मात्रा, काल व अनुपान कोणते, हे आपणांस पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. फुप्फुसाच्या बाबतीत तो अनुभव अजून कोणाच्याही गाठीशी नाही, आणि त्याची किंमत रुग्णाने मोजावी, हे वैद्यधर्मास धरून होणार नाही.